साडूंचा रिकामा हौद

लातुरात नळाला पाणी आलं म्हणून ज्याचा चेहरा पडतो असा माणूस अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. आमचे थोरले साडू. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ज्यांनी लातूर पाहिलं नाही त्यांना या वाक्याचं वजन कळायचं नाही, म्हणून सांगतो. तिथं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. पाणी येतं असं कुणी म्हणत नाही, 'नळ आला' म्हणतात, पाहुणा आल्यासारखं. नळ आला की गल्लीत एकच पळापळ होते. पूजेला बसलेला माणूस अर्ध्या आरतीतून उठतो, फोनवर रडणारी बाई रडणं पुढं ढकलते, आणि ज्याच्या अंगणात जमिनीखाली मोठा हौद आहे त्याच्याकडे सगळी गल्ली आदरानं बघते. साडूंच्या अंगणातला हौद गल्लीत सगळ्यात मोठा. आत माणूस उभा राहून हात वर करू शकेल एवढा. आणि हा गृहस्थ तो हौद कधी एकदाचा रिकामा होतोय याची वाट बघत बसलेला असायचा!

कारण काय, तर घुमारा. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा रिकाम्या मंगल कार्यालयात बोललं की आपला आवाज भिंतींवर आपटतो, जरा रेंगाळतो आणि विरत जातो. इंग्रजीत त्याला रिव्हर्ब म्हणतात, साडू घुमारा म्हणतात. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या मंडळींना तो फार लागतो म्हणे, कारण घरातल्या खोलीत म्हटलेलं गाणं ऐकायला रुक्ष वाटतं. मग ती मंडळी कंप्यूटरमध्ये एक बटण दाबतात आणि तयार घुमारा गाण्याला लावतात. साडूंनी तेही करून पाहिलं. चार महिन्यांत त्यांचं मन उडालं. "प्लास्टिकचा हाय हो तो," ते मला म्हणाले, "लांबून झ्याक वाटतोय, पण हातात घेतला की कळतंय." आवाज हातात कसा घेतात हे मी विचारलं नाही. मी नांदेडला तेहतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस आहे. ज्याचं उत्तर येणार नाही असं वाटतं तो प्रश्न मी फळ्यावर घेत नाही.

साडूंनी सगळी नोकरी विजेच्या खात्यात केली. हदगाव, अर्धापूर, विष्णुपुरी अशा बदल्या करत शेवटी लातूरला टेकले, घर बांधलं आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं सकाळी फिरायला जातात आणि संध्याकाळी गुडघ्यांबद्दल बोलतात. यांनी माईक आणला. मग माईकचा आवाज कंप्यूटरात उतरवणारा डबा आणला, छोटा मिक्सर आणला, मागची खोली ताब्यात घेतली आणि तिच्या चारही भिंतींना अक्कांच्या माहेरच्या गोधड्या खिळे ठोकून लावल्या. अक्का म्हणजे माझी मेहुणी. आमच्याकडे लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. गोधड्या कशासाठी, तर मूळ आवाज खडखडीत कोरडा पाहिजे. हा साडूंचा पहिला नियम. मूळ आवाज कोरडा घ्यायचा, घुमारा वेगळा घ्यायचा आणि दोघांची गाठ अगदी शेवटी घालायची. एकदा मूळ आवाजातच घुमारा मिसळला की संपलं. "भाजीत पडलेलं मीठ काढून दावा बरं," असं ते इतक्यांदा म्हणत की अक्कांना भाजीत मीठ टाकताना हसू यायचं. त्या गोधड्यांच्या खोलीत, ऐन मे महिन्यात, पंखा बंद करून, मी पुतण्याच्या लग्नासाठी शुभेच्छांची चार वाक्यं सात वेळा वाचलेली आहेत. बाहेर आलो तेव्हा बायकोनं मला ओळखलं, पण जरा वेळ लागला.

हौदाचा शोध त्यांना शिंकेमुळे लागला. उन्हाळ्यात हौद घासायला ते खराटा घेऊन आत उतरले होते, अक्का वर तोंडाशी बादली धरून उभ्या होत्या. खाली धूळ उडाली आणि साडू शिंकले. शिंक हौदाच्या चारही भिंतींना भेटून सावकाश परत आली. त्यानंतर म्हणे बराच वेळ खालून काही आवाजच नाही. अक्का घाबरून वाकल्या. "अहो, काय झालं?" तर हे खाली खराटा छातीशी धरून उभे, डोळे मिटलेले. "गप. परत शिंकू दे." पण शिंक काही मागून येत नाही. मग त्यांनी तपकीर मागवली. त्या दिवशी हौद घासायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यात उलट्या बादलीवर एक स्पीकर आणि समोरच्या कोपऱ्यात एक माईक जाऊन बसला.

ही सगळी रचना त्यांनी मला किती वेळा समजावून सांगितली असेल! "सोपं हाय साडू. मेन लाईन सरळ जाऊ द्यायची, तिला हात लावायचा न्हाई. तिच्यावरून एक फाटा काढायचा, तो हौदातल्या स्पीकरला. हौदात घुमलेला आवाज तिथला माईक धरतोय, तो परतीच्या लाईनीनं वर आणायचा. दोन्ही कंप्यूटरात वेगवेगळ्या उतरवायच्या. मग कोरडं किती, घुमारा किती, ते आपल्या हातात." वायरी सगळ्या काळ्या, एकीसारखी दुसरी. म्हणून त्यांनी प्रत्येकीला पांढरी चिकटपट्टी लावून आपल्या नोकरीच्या गावांची नावं दिली. कोरडा आवाज सरळ कंप्यूटरात नेणारी वायर हदगाव. साडूंची पहिली नेमणूक हदगावची, अक्कांचं माहेर हदगाव, लग्न जुळलं तेही तिथंच, तेव्हा मूळ आवाजाला दुसरं नाव देणं त्यांना सुचलंसुद्धा नाही. हौदात जाणारी वायर विष्णुपुरी, कारण तिथं नांदेडच्या वरचं गोदावरीचं धरण. हौदातून परत येणारी अर्धापूर. "अर्धापूर कामून?" मी विचारलं. "कामून म्हंजे? तेवढंच गाव उरलं व्हतं." एकदा ते फोन कानाला लावून खोलीत काम करत होते आणि इकडे नांदेडला आमचा फोन मोठ्या आवाजावर होता. तिकडून साडू अक्कांना ओरडले, "विष्णुपुरी पूर्ण सोड!" आमच्याकडे चहाला बसलेले नदीकाठचे शेजारी कप ठेवून घराकडे पळाले. धान्याच्या कोठ्या माळ्यावर चढवून झाल्यावर त्यांना खरं काय ते कळलं. त्यांनी आमच्याकडे चहा घेणं बंद केलं.

जिथं जातील तिथं एक टाळी वाजवून घुमारा मोजायची त्यांना खोड होती. मंगल कार्यालयात शिरले की अक्षता घेण्याआधी टाळी. देवळात टाळी वाजवली तर कुणी काही म्हणत नाही, पण बसस्टँडवर, बँकेत, दवाखान्याच्या जिन्यात? टाळी वाजवून मान तिरकी करायची आणि पुटपुटायचं, "दीड... पावणेदोन." म्हणजे आवाज विरायला इतके सेकंद लागले. कहर झाला तो त्यांच्या एका जुन्या साहेबांच्या घरी. साहेब वारले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. मोठा दिवाणखाना, सामान सगळं बाजूला काढलेलं, खाली सतरंजी, मंडळी माना खाली घालून बसलेली. मी मनात म्हटलं, देवा, आज नको. तेवढ्यात खाडकन टाळी! सगळ्या माना वर झाल्या. साडूंनी तळहाताकडे बघितलं, म्हणाले, "डास व्हता." बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत माझा दंड धरून म्हणाले, "सव्वादोन! साहेबांनी घर लई भारी बांधलंय हो." त्या माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. साहेबांसाठी की सव्वादोनसाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नात्यातल्या सगळ्यांना त्यांचे निरोप घुमाऱ्यासकट यायचे. वाढदिवस असो, बारसं असो, साडूंचा आवाज फोनमध्ये हौदातून यायचा. सत्यनारायणाचं आमंत्रण त्यांनी असंच पाठवलं, तर त्यांच्या औशाच्या मावशीनं ते ऐकून हंबरडा फोडला. माझा भाचा गेला, आणि जाता जाता वरून मला जेवायला बोलावतोय, असं तिनं घेतलं. साडूंनी स्वतः फोन करून समजूत घातली, "मावशी, मी हाय. जित्ता हाय." पण तो फोनही त्यांनी गडबडीत मिक्सरमधूनच लावला होता. मावशी आणखीच रडली.

इथवर सगळी गंमत होती. भांडण होतं ते पाण्याचं. हौदात पाणी असलं की स्पीकर आणि माईक वरून दोरीनं टांगावे लागतात आणि घुमारा बसतो. साडूंनी हौदाच्या आतल्या भिंतीवर खडूनं खुणा केल्या होत्या. पाऊण हौदाला 'काही उपयोग नाही', अर्ध्या हौदाला 'भाषण', तळाला 'गाणं'. आता लातूरसारख्या गावात हौद तळाला जायचा म्हणजे घरात सुतक. पण आम्ही पाहुणे गेलो की साडू मला बाजूला घेऊन हळूच म्हणत, "आंघोळीला चार बादल्या घ्या. लाजू नका." लातुरात! जिथं पाहुण्याला तांब्याकडे बघूनच तहान आवरावी वाटते! अक्कांनी एकदा त्यांना अंगणातल्या पेरूला भर दुपारी बादलीमागून बादली पाणी घालताना पकडलं. त्यांनी बादली काढून घेतली आणि उरलेलं पाणी झाकण उघडून परत हौदात ओतलं. तो आवाज म्हणे फार सुंदर आला. हे साडूंनीच सांगितलं, आणि अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आता खरं गुपित सांगतो. हे सगळं खटलं उभं राहिलं होतं ते अक्कांसाठी. आमची ही सांगते, हदगावला लहानपणी अक्का पाळणा म्हणायच्या तेव्हा शेजारपाजारच्या बाया आपापली पोरं घेऊन दारात येऊन बसायच्या. तो पाळणा त्यांच्या आईचा. धाकटीला, म्हणजे आमच्या हिला, त्यातली दोनच कडवी येतात, बाकीची फक्त अक्कांना. लग्नानंतर मुलं मोठी झाली, पाळणा माळ्यावर गेला, आणि अक्कांचं गाणं थांबलं. साडूंनी माईक आणला त्या दिवसापासून ते मागे लागलेले, "एकदा गा की." अक्कांचं ठरलेलं उत्तर, "हौद भरू द्या. हौद भरलेला असला की जीव थाऱ्यावर असतोय, मग गाते." आणि हौद भरला की साडू म्हणणार, "आता नको. रिकामा होऊ दे, मग घेतो." भरलेल्या हौदावर ते घेईनात, रिकाम्या हौदावर त्या गाईनात. अशी पाच-सहा वर्षं गेली. या काळात साडूंनी माझं भाषण घेतलं, कुकरची शिट्टी घेतली, शेजारच्या टेलरचाचांचं शिलाई मशीन घेतलं. अक्कांचं एक कडवं नाही.

टेलरचाचांचं सांगायला हवं. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, पुढच्या खोलीत दुकान, दोन पिढ्यांपासून गल्लीचे कपडे तेच शिवतात. त्यांच्या मशीनचा आवाज साडूंच्या गोधड्या भेदून यायचा. मग दोघांत ठराव झाला. साडूंनी कुंपणाच्या भिंतीवर लाल कपडा टाकला की चाचांनी मशीन थांबवायचं. तो लाल कपडाही चाचांनीच काठ दुमडून, नीट शिवून दिलेला. कधी कधी साडू कपडा काढायला विसरत. मग भिंतीवरून चाचांची टोपी वर यायची. "साहेब, घुमारा झाला का? गिऱ्हाईक बसून राहिलंय, उद्या त्याची सोयरीक हाय." भांडण मात्र कधी झालं नाही.

मागच्या वर्षी अक्कांच्या गळ्यात गाठ निघाली. जिवाला धोका नाही, पण काढावी लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि आवाजाची नस अगदी लागून आहे. आवाज बदलेल, कदाचित बसेल, आत्ता सांगता येत नाही. हे ऐकून साडूंनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर खोलीला कुलूप लावलं. गाण्याचं एक अक्षर त्यांनी अक्कांजवळ काढलं नाही. मी आणि ही ऑपरेशनच्या दोन दिवस आधी नांदेडहून लातूरला गेलो, तर साडू ओसरीवर नुसते बसलेले. मी म्हटलं, एकदा विचारून तर बघा. "कोणत्या तोंडानं विचारू?" ते म्हणाले, "इतके दिवस हौदापायी थांबलो. आता गाठ आली म्हणून गा म्हणू? तिला वाटंल, मला आवाजाचीच फिकीर हाय." साडूंना इतकं सरळ बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, अक्कांनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि ओसरीवर येऊन म्हणाल्या, "हौद रिकामा हाय न्हवं?" नळ त्या खेपेला दोन दिवस लांबला होता, हौदाचा तळ दिसत होता. साडूंनी मान हलवली. "मग उघडा तुमची खोली. गाते."

साडू कुलूप उघडायला गेले आणि किल्ली उलटीच घालायला लागले. शेवटी कुलूप मी उघडलं. स्पीकर हौदात उतरला, माईक उतरला, विष्णुपुरी, अर्धापूर, हदगाव आपापल्या जागी गेल्या. लाल कपडा भिंतीवर पडला, पलीकडे मशीन थांबलं. अक्का गोधड्यांच्या मधोमध खुर्चीवर बसल्या, गळ्याशी हात नेऊन एकदा खाकरल्या. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला. लाल कपडा असताना या माणसानं कधी तोंड उघडलं नव्हतं, पण शेवटी तेही लातूरचेच. "अक्का! नळ आला!"

मग जे व्हायचं तेच झालं. साडू उठून वायरी तुडवत अंगणात पळाले, मागे मी. झाकण उघडलं तर पाईपातून पाणी धो धो हौदाच्या तळावर आपटतंय. साडू पालथे पडून स्पीकर वर ओढायला लागले. "पाणी भरून घेऊ आधी! बारा दिवसांनी आलंय! घरात पेशंट येणार हाय! गाणं काय, गाणं नंतर..." आणि तिथंच थांबले. नंतर हा शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला असावा. अक्का मागून शांतपणे चालत आल्या. खाली बसल्या आणि आपल्या हातानं नळाचा कॉक फिरवून बंद केला. लातुरात इतकी वर्षं संसार केलेल्या बाईनं आलेला नळ बंद केला! आमची ही तोंडावर हात धरून उभी राहिली. "पाणी पुन्हा येतंय," अक्का म्हणाल्या. "चला आत."

चाचा भिंतीवरून हे सगळं बघत होते. त्यांची टोपी खाली गेली. मग मी डोकावून पाहिलं, तर त्यांनी आपल्या नळाच्या पाईपाच्या तोंडाला कापडाची कातरण गुंडाळून घट्ट बांधली होती, पाणी हौदात आवाज न करता पडावं म्हणून. साडूंनी हौदाचा ओला तळ आपल्या धोतरानं पुसला, स्पीकर परत जागेवर ठेवला, पळत खोलीत गेले, पायात अडकून सुटलेल्या वायरी भराभर खोचल्या. निदान आम्हाला तरी सगळ्या खोचल्या असं वाटलं.

अक्का गायल्या. मी आणि ही बाहेर हौदाच्या झाकणाशी बसलो होतो. खोलीचं दार लावलेलं, त्यामुळे आम्हाला पाळणा ऐकू येत होता तो पायाखालून, जमिनीतून. गळ्यात गाठ असलेला तो आवाज मधेच अडखळायचा, थांबायचा, पुन्हा धरायचा. नऊ कडवी. हिला जी दोन येत होती ती आली तेव्हा हीसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायला लागली, आणि मी तिला गप्प केलं नाही. खिडकीच्या फटीतून मला साडू दिसत होते. एरवी हा माणूस मिक्सरच्या दिव्यांवरून नजर हलवायचा नाही. त्या दिवशी कानावर लावायचे हेडफोन त्यांच्या मांडीवर पडलेले होते आणि ते अक्कांकडे बघत होते.

गाणं संपलं. जरा वेळानं मला पाण्याची आठवण झाली. कॉक उघडला तर पाईपातून नुसती हवा आली. नळ गेला होता. अक्का पोट धरून हसल्या. पुढचे दहा दिवस चाचांनी भिंतीवरून पाईप टाकून साडूंकडची पिंपं भरून दिली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. दवाखान्याचा तो लांबच लांब व्हरांडा, उंच छत, गुळगुळीत फरशी, माणूस नाही. टाळीसाठी याहून चांगली जागा साडूंना जन्मात मिळाली नसती. तीन तास आम्ही तिथं होतो. साडूंनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले होते. डॉक्टर बाहेर येऊन सगळं ठीक आहे म्हणाले तेव्हाही ते सोडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अक्कांचे कपडे आणायला साडू आणि मी घरी आलो. साडूंनी कंप्यूटर लावला. पडद्यावर दोन पट्ट्या. अर्धापूरच्या पट्टीत आवाजाचे चढउतार होते. हदगावची पट्टी सरळ रेघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. साडू खाली वाकले. खुर्चीच्या पायाशी हदगावची वायर तशीच मोकळी पडलेली होती, चिकटपट्टीवरचं नाव वर. म्हणजे मूळ आवाज कंप्यूटरात उतरलाच नव्हता, हौदाकडचा फाटा तेवढा चालू राहिला होता. जो इतकी वर्षं मूळ आवाज वेगळा ठेवा म्हणून आमच्या कानीकपाळी ओरडत आला, त्याच्याकडे अक्कांचा फक्त घुमारा उरला होता, हौदातून आलेला. ते वायर हातात घेऊन जमिनीवरच बसले. "मी दिव्यांकडं बघितलंच न्हाई हो साडू," ते म्हणाले. "मी तिच्याकडंच बघत बसलो." आणि त्या गोधड्यांच्या खोलीत, जिथं कुठलाही आवाज रेंगाळत नाही, ते हुंदके देऊन रडले. मी आपला त्यांच्याजवळ बसून राहिलो.

अक्का घरी आल्या. आवाज फाटल्यासारखा, जाड, निम्मे शब्द नुसती हवा. साडूंनी चार दिवस कंप्यूटर बिघडलाय असं सांगून ढकलले. पाचव्या दिवशी अक्कांनी खुणेनंच दटावलं, लावा. मग गृहपाठ न केलेल्या पोरासारखे उभे राहून त्यांनी सगळं कबूल केलं आणि होतं ते लावलं. पाळणा सुरू झाला, लांबून, खोलातून, कडा विरघळलेल्या. अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. साडू त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. संपल्यावर अक्का त्या नव्या, खरखरीत आवाजात तुटत तुटत म्हणाल्या, "पाळण्यात पडलेल्याला असंच ऐकू येतंय. माय चुलीपाशी गायची, मी आतल्या खोलीत असायचे. असाच यायचा तिचा आवाज." मग डोळे उघडून, "मला वाटलं, मायच गायलीय. परत लावा."

आता वर्ष होत आलं. अक्कांचा आवाज तसाच राहिला, जाडसर. बोलण्यापुरता पुरतो, गाण्याला नाही. हौदातला स्पीकर वर आला, खडूच्या खुणा पुसल्या, आणि नळ आला की कॉकपाशी सगळ्यांच्या आधी साडू. परवा त्यांच्याकडून निरोप आला. मी सवयीनं फोन कानापासून जरा लांब धरून लावला. पण आतून आवाज आला तो अक्कांचा, अगदी जवळून, श्वाससुद्धा ऐकू येत होता. "पाव्हणे, कधी यायलाव दोघं? हौद भरलाय. ये म्हणाव तिला." बस, एवढंच. कसलाही घुमारा नाही. मी साडूंना फोन केला आणि चेष्टेनं विचारलं, काय हो, अर्धापूर कुठं गेलं?

"न्हाई मिसळलं," साडू म्हणाले. "रोज तिचं एक वाक्य घेतोय. भाजी काय आणू, नळ आला का, असंच काही. हदगाव तेवढी लावतोय. जशी हाय तशी पायजे आता."

मी काही म्हणणार तेवढ्यात मागून अक्कांची ती खरखरीत हाक आली, "अहो, झाकण उघडंच हाय हौदाचं!" साडू फोन तसाच चालू ठेवून पळाले. मीही तो ठेवला नाही. अक्का बराच वेळ त्यांना काहीबाही सांगत होत्या, आणि मी ऐकत राहिलो.